सायटेशनचा आकडा आणि डोळखांबची आशाताई

शहापूर-आसनगाव पट्ट्यात फार्मसीची, इंजिनिअरिंगची कॉलेजं आली, इथली मुलं एम.फार्म., एम.डी., पीएच.डी.पर्यंत पोचू लागली आणि घराघरांत काही नवे शब्द शिरले. ‘सरांचे ऐंशी पेपर आहेत.’ ‘मॅडमचा एच-इंडेक्स बावीस आहे.’ ‘आमच्या गाईडचं नाव जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आलं.’ ऐकणारे आईवडील मान डोलावतात, कारण आकडा मोठा वाटतो आणि विचारायचं कुणाला ते कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्याहून जास्त तो गाईड निवडायला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी आणि किन्हवली-टोकावड्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या त्या तरुण डॉक्टरसाठी आहे, ज्याला वाटतं की संशोधन ही परळच्या मोठ्या इस्पितळांतली गोष्ट आहे.

सुरुवात एका नावानेच करू. मोबाइलवर पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही यादी फुकट आहे आणि लॉग-इन लागत नाही. शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत आधी आडनाव आणि मग आद्याक्षरं लिहायची, मध्ये स्वल्पविराम नको. ‘बावस्कर एच एस’ असं टाका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांची यादी समोर येईल. ती जुन्याकडून नव्याकडे वाचा.

१९७६ मध्ये बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावला की धडधाकट माणूस, विशेषतः लहान मूल, एका रात्रीत जायचं. वैद्यकाच्या पुस्तकात उपाय नव्हता. बावस्करांनी पेशंटच्या खाटेशेजारी बसून काय काय होतं ते टिपलं. घाम, उलट्या, थंडगार पडणारे हातपाय, मग फुप्फुसांत भरणारं पाणी. कोणत्या खुणा दिसल्या की पुढे हृदय दगा देणार, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. १९८६ मध्ये त्याच साप्ताहिकात प्राझोसिनवरचा लेख आला. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विंचवाच्या विषाने शरीरात जे रासायनिक वादळ उठतं, त्याचा रक्तवाहिन्यांवरचा मारा ती रोखते. पूर्वी गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के दगावत, ते प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आलं. मग २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलात पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा लेख आला. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२.

यादी अशी वाचल्यावर जे दिसतं ते कोणत्याही एका आकड्यात मावत नाही. प्रश्न तीस वर्षं एकच आहे आणि उत्तर दर वेळी एक पायरी पुढे गेलंय. शिवाय २०११च्या लेखात त्यांनी स्वतःच्याच जुन्या उपायाला कसोटीवर धरलंय, आणि तो एकटा अपुरा ठरला हे छापायलाही ते कचरले नाहीत. कोणाचीही प्रकाशनांची यादी हाती आली की पहिल्यांदा हे बघा: माणूस एका प्रश्नामागे चालला आहे, की जिथे छापून येईल तिथे धावतो आहे? पाच वर्षांत मधुमेह, मग नॅनोकण, मग कोविड, मग आयुर्वेदिक काढा, मग कृत्रिम बुद्धिमत्ता अशी यादी असेल, तर विद्यार्थ्याने जरा सावध व्हावं. अशा ठिकाणी बरेचदा विद्यार्थी राबतो आणि नाव भलत्याचं लागतं.

बावस्करांच्या यादीत संपादकांना लिहिलेली छोटी पत्रंही दिसतील. त्यांना हलकं समजू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ चा ‘लॅन्सेट’मधला लेख अवघ्या एका पानाचा आहे. दोघांचा फोटो, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवलं आणि आजही तो लेख उद्धृत होतो.

आता आकड्यांकडे. सायटेशन म्हणजे नंतरच्या एखाद्या लेखाने आपल्या संदर्भसूचीत या लेखाचं नाव घेणं. एवढंच. नाव घेताना कौतुक केलं, खोडून काढलं, की नुसतं रांगेत उभं केलं, हे त्या मोजणीत नसतं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. तरी वैद्यकातल्या अतिशय उद्धृत लेखांत त्याची गणना होते, आणि त्यातली बरीचशी उद्धरणं त्याला खोटं ठरवणारी आहेत. म्हणून मोठा आकडा दिसला की पबमेडवर लेखाच्या माथ्याशी ‘रिट्रॅक्टेड’ असा शिक्का तर नाही ना, ते आधी पाहून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानाच्या अमेरिकन प्राध्यापकाने सुचवला. हिशेब शाळकरी आहे. समजा एखाद्याचे सहा लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १८, ९, ५, ४ आणि २ सायटेशन्स आहेत. उतरत्या क्रमाने मोजत जा. चौथ्या लेखाला निदान चार सायटेशन्स आहेत, पण पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता यातल्या पहिल्या लेखाला ४० ऐवजी चार हजार सायटेशन्स असती तरी उत्तर ४ च आलं असतं. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी कमी होत नाही, आणि लेखांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. त्यामुळे पस्तिशीतल्या सहायक प्राध्यापकाची तुलना साठीतल्या विभागप्रमुखाशी करणं व्यर्थ. हृदयरोगतज्ज्ञाची विंचूदंशावर काम करणाऱ्याशी करणं तर त्याहून व्यर्थ, कारण हृदयावर लिहिणारे जगभर लाखो आहेत आणि विंचवावर लिहिणारे मोजके. उद्धृत करायला माणसंच कमी.

‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा तर लेखकाचा आकडा नव्हेच, तो जर्नलचा. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. ती सरासरी दोन-चार गाजलेल्या लेखांनी वर खेचलेली असते. काही जण आपल्या सगळ्या जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज करून बायोडेटात लिहितात. तसं दिसलं तर हसू आवरा आणि पुढचा गाईड शोधा.

दोन टक्क्यांच्या यादीबद्दलही थोडं. स्टॅनफर्डचे जॉन योआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या सायटेशन मोजणाऱ्या माहितीसाठ्यावरून ही यादी काढतात. तिच्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स धरून आणि वगळून, असे दोन्ही हिशेब तिथे मिळतात. बातमीत नाव आलं तर विचारा की कोणत्या तक्त्यात आणि स्वतःची सायटेशन्स वगळल्यावर नाव उरतं का. विचारलेलं कुणी मनावर घेऊ नये; यादी करणाऱ्यांनी ते रकाने त्यासाठीच ठेवले आहेत. पैसे भरून नाव नोंदवायच्या ‘जागतिक शास्त्रज्ञ’ याद्याही निघाल्या आहेत. त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

आकडा कुठून घेतला यानेही फरक पडतो. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं, वेबवरचे मसुदे असं सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा फुगलेला असतो; स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलंच धरतात, म्हणून तिथला आकडा लहान येतो. दोन डॉक्टरांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या. आणि आपल्याकडे नावांचा घोळ आहेच. ‘पाटील एस’ किंवा ‘जाधव एस’ शोधून बघा, सोलापूरपासून सिडनीपर्यंतचे पाटील-जाधव एकाच ढिगात येतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरबाईंची निम्मी कारकीर्द माहेरच्या नावावर राहते. यावर इलाज म्हणजे ओरकिड: १६ अंकांचा फुकट मिळणारा क्रमांक, २०१२ पासून सुरू आहे. पहिला लेख पाठवण्याआधी तो काढा आणि नाव एकदा ठरवलं की जन्मभर तसंच लिहा. लेखकांच्या रांगेतली जागाही बघायला शिका. वैद्यकात बहुधा पहिलं नाव राबणाऱ्याचं असतं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. एखाद्याचे शंभर लेख असतील आणि नव्वदांत नाव मधे कुठेतरी तीस जणांत असेल, तर त्या शंभराचा अर्थ वेगळा लागतो.

काही कामं अशी असतात की ती मोजणीतून निसटतातच. १९५२ मध्ये परळच्या केईएममधल्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सहकाऱ्यांसोबत ‘लॅन्सेट’मध्ये एका अनोळखी रक्तगटाची नोंद केली. आज प्रत्येक रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ ठाऊक असतो, पण तो शब्द वापरताना भेंड्यांच्या लेखाचा संदर्भ कितीजण देतात? गोष्ट इतकी रुळली की मूळ लेख सांगायची गरज वाटेनाशी झाली. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचं नशीब आणखी उलटं. पटकीच्या जंतूचं विष त्यांनी दाखवून दिलं, १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलंही, बरीच वर्षं कोणी विचारलं नाही. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, १९८५ मध्ये ते गेले, आणि १९८६ मध्ये त्यांच्या उपेक्षेवर लेख लिहिला तो युजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे सायटेशनची मोजणी ज्यांनी जन्माला घातली त्या गृहस्थांनी.

माझ्या मते खरी मोजणी आणखी एका ठिकाणी करता येते आणि ती आपल्या तालुक्यात रोज चालू असते. डोळखांबच्या एखाद्या पाड्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर दूध ओढतंय का ते बघते. ही पद्धत कुठून आली? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, ४७ गावं तुलनेसाठी तशीच ठेवली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला: नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. त्यातून २०११ मध्ये सरकारी कार्यक्रम उभा राहिला. त्या लेखाला किती सायटेशन्स आहेत ते गूगल स्कॉलर सांगेल. आशाताईच्या वहीतल्या भेटी त्यात धरलेल्या नसतात. एखाद्या वैद्यकीय संशोधकाचा प्रभाव पाहायचा तर त्याच्या लेखाने कोणती उपचारपद्धती, कोणतं सरकारी परिपत्रक, कोणतं औषध आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आणलं, हे जरूर शोधा. मार्गदर्शक तत्त्वांच्या पुस्तिकांत शेवटी संदर्भ असतात, तिथे त्याचं नाव सापडतं का बघा.

रुग्णांसाठी एक वेगळी सूचना. ऑपरेशनसाठी डॉक्टर निवडताना एच-इंडेक्स बघू नका. असं ऑपरेशन त्यांनी किती वेळा केलंय आणि नंतर काही बिघडलं तर ते भेटतील का, हे विचारा. लेख लिहिणं आणि हात चालणं ही दोन कौशल्यं एकाच माणसात असतातच असं नाही.

ज्यांना छापायचं आहे, त्यांच्यासाठी आता धोक्याची गोष्ट. बढतीला लेख लागतात, पदव्युत्तर विद्यार्थ्याला लेख लागतात, आणि या गरजेवर एक बाजार पोसला गेला आहे. ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ म्हणून मेल येतो, तुमच्या ‘एमिनंट’ कामाची स्तुती असते, चार दिवसांत परीक्षण आणि आठवड्यात प्रकाशन, शुल्क अमुक हजार. शिक्षक-विद्यार्थ्यांचे पैसे असे अनेक जागी गेले आहेत आणि लेख नंतर कोणी ग्राह्य धरलेला नाही. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल फसवं नसतं. ‘प्लॉस वन’सारखी चांगली जर्नलंही शुल्क घेतात. फरक ओळखायचा तो असा. जर्नल ‘स्कोपस’ किंवा ‘पबमेड’मध्ये असल्याचं सांगत असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरचा शिक्का न बघता स्वतः स्कोपस आणि पबमेडवर जाऊन नाव शोधा. नाव अक्षरन् अक्षर जुळतं का पाहा, कारण नामवंत जर्नलांच्या नावात एखादा शब्द फिरवून दुकानं काढलेली आहेत. संपादक मंडळातल्या एका-दोघांना सरळ मेल करा. काहींना आपण संपादक आहोत याचा पत्ताच नसतो. मागचे दोन अंक उघडून लेख वाचा. आणि जुन्या यादीवर विसंबू नका: विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जर्नलांची आपली ‘केअर’ यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ असं कोणी आज छापत असेल तर तेवढ्यावर पैसे काढू नका. आपल्या पदाला जर्नलांची कोणती अनुक्रमणी (इंडेक्स) चालते ते विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या चालू नियमांत बघा, सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नका.

आणि विषय? तो शोधायला शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरला लांब जायला नको. आवणीच्या दिवसांत बांधावर फुरसं आणि घोणस, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार, हे इथल्या दवाखान्यांचं ओळखीचं दुखणं. जवळच्या डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या सर्पदंशाच्या जुन्या नोंदी तपासून डॉ. राहुल गजभिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये लेख लिहिला, पुढे २०२१ मध्ये तिथल्या आदिवासी समाजाच्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सर्पदंशाविषयीच्या समजुतींवर ‘प्लॉस वन’मध्ये लेख आला, त्याच्या लेखकांत बावस्करही आहेत. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्पदंशविषयक राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातून जे दोन तालुके घेतले, त्यांतला एक अहेरी आणि दुसरा आपला शहापूर. तेव्हा ‘इथे काय संशोधन होणार’ हे वाक्य आता बाद समजा.

सुरुवात रजिस्टरपासून करा. दंशाची वेळ, कुठे आणि काय करताना दंश झाला, आधी भगताकडे नेलं का आणि तिथे किती वेळ गेला, दवाखान्यात पोचल्याची वेळ, प्रतिविषाचं पहिलं इंजेक्शन किती वाजता, किती बाटल्या, पुढे पाठवलं का, शेवट काय. आपल्या रजिस्टरात यातले निम्मे रकाने बहुधा नसतात; ते आजच आखून घ्या. मात्र लेखासाठी माहिती वापरण्याआधी नीतिशास्त्र समितीची परवानगी हवीच, जुनी कागदपत्रं असली तरी. आरोग्य केंद्राकडे अशी समिती नसते. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यक, विभागातलं कोणी सोबत घ्या. आपल्याला कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय लोकलच्या टप्प्यात आहे. कोणाचं नाव कोणत्या क्रमाने, हे कामाच्या आधी लिहून ठरवा. एखाद्या उपचाराची तुलना करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर नोंद करावी लागते. पाड्याचं नाव, वय, जात आणि तारीख एकत्र छापलं की लहान गावात माणूस ओळखता येतो, तेव्हा त्यातलं काहीतरी गाळा. पहिला लेख मोठा नसला तरी चालतो. नीट लिहिलेली पाच-दहा रुग्णांची नोंद किंवा संपादकाला पत्र, तेही पबमेडवर येऊ शकतं.

छापून आलं की गूगल स्कॉलरवर सूचना लावून ठेवा. कोणी लेखाचं नाव घेतलं की मेल येईल. तो आकडा बायोडेटात लिहिण्याआधी, नाव घेणाऱ्याने काय म्हटलंय ते वाचा, चूक दाखवली असेल तर उत्तर द्या. आणि लेखाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देऊन त्यातला मुद्दा आशांच्या मासिक बैठकीत मराठीत सांगा. मग पुढच्या पावसाळ्यात त्याच रजिस्टरात दंशापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंतचा वेळ पुन्हा मोजा. कमी झाला असेल तर तुमचा दुसरा लेख तयार आहे; झाला नसेल तरी तयार आहे.